रुग्णाची संगणकावरची फाइल मी औषधांपासून का वाचतो

प्रश्न एका तरुण डॉक्टरांचा आहे. एमडी मेडिसिन नुकतंच झालंय आणि ते एका मोठ्या रुग्णालयात रुजू झालेत. तिथे सगळं संगणकावर. ते विचारतात: रुग्णाचा नंबर टाकला की आठ-दहा वर्षांच्या नोंदी समोर येतात. एका आजोबांच्या आजारांच्या यादीत १४ नावं आहेत, औषधांच्या यादीत २१. दोन्हींचा मेळ बसत नाही. ओपीडीत एका माणसाला दहा मिनिटंही मिळत नाहीत. मग वाचायला सुरुवात कुठून करायची?

मी २६ वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय. पहिली बारा वर्षं तालुक्याच्या गावात केसपेपरवर काढली, त्यानंतरची सगळी पडद्यासमोर. माझं उत्तर असं की औषधांपासून सुरुवात करा आणि आजारांची यादी शेवटी वाचा.

कारण साधं आहे. यादीत आजाराचं नाव घालायला एक क्लिक पुरतो, पण काढायला कुणी धजत नाही. आपल्या आधी कुणीतरी वरिष्ठाने लिहिलंय, आपण कसं खोडायचं, असं प्रत्येकालाच वाटतं. औषधाचं तसं नाही. ते कुणीतरी विचार करून लिहिलेलं असतं, घरच्यांनी खिशातले पैसे देऊन आणलेलं असतं आणि माणसाने ते गिळलेलं तरी असतं किंवा टाळलेलं तरी. म्हणून औषधांची यादी सत्याच्या जास्त जवळ असते. पूर्ण खरी तीही नसते, त्याकडे पुढे येतो.

त्याआधी दोन मिनिटं एका कंटाळवाण्या गोष्टीला द्या. फाइल याच माणसाची आहे ना, ते बघा. एकाच आडनावाच्या, एकाच वयाच्या दोन बायका एका दिवशी ओपीडीत असतात आणि एकीचा रिपोर्ट दुसरीच्या फाइलला लागतो. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. पुरुषाच्या फाइलमध्ये गर्भाशयाची सोनोग्राफी असेल तर चूक लगेच कळते, हिमोग्लोबिनचा आकडा दुसऱ्याचा असेल तर कळत नाही. नाव, वय, गाव रुग्णाच्या तोंडून वदवून घ्या. मग शेवटचं डिस्चार्ज कार्ड उघडा. सगळ्यात अलीकडचं, फक्त एक. त्यातली घरी जातानाची औषधं वाचा.

आता एक कोरा कागद घ्या. हो, कागदच. डावीकडे औषधं लिहा, उजवीकडे ते औषध कशासाठी. प्रत्येक गोळीला आजार मिळायला हवा आणि प्रत्येक चालू आजाराला एकतर गोळी, नाहीतर ती नसण्याचं कारण. दोन्ही बाजूंना जे एकटं उरतं, तिथे तुमचं काम आहे.

कारण नसलेली गोळी दिसली की तीन शक्यता धरा. आजार आहे पण नोंदलेला नाही. आजार होता, गेला, गोळी तशीच राहिली. किंवा ती गोळी दुसऱ्या गोळीचा त्रास झाकण्यासाठी आली. पहिल्या शक्यतेचं उदाहरण आपल्याकडे नेहमीचं आहे. तिशीतली बाई, आजारांची यादी रिकामी, आणि औषधांत बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, दर २१ दिवसांनी. हे इंजेक्शन असं वर्षानुवर्षं दुसऱ्या कशासाठी क्वचितच चालतं. तिला लहानपणी संधिवाताचा ताप येऊन हृदयाची झडप बहुधा खराब झालेली असणार. सोबत असेनोकुमारॉल हे रक्त पातळ करणारं औषध असेल तर झडप बदललेली असण्याची शक्यता मोठी. ती दात काढायला निघाली असेल किंवा गरोदर असेल, तर ही ओळ न वाचणं जिवावर बेतू शकतं.

औषधावरून आजार ओळखताना काही गोळ्या फसवतात, त्या पाठच करून ठेवा. प्रोप्रानोलॉल दिसलं की ब्लडप्रेशर असं लिहून मोकळे होऊ नका. अर्धशिशी, हात थरथरणं, वाढलेला थायरॉइड, लिव्हर खराब झाल्यावर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा, यांपैकी कशासाठीही ते चालू असतं. रात्रीची अमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी बहुतेकदा डोकेदुखीची किंवा पायांच्या जळजळीची असते. तिच्यावरून नैराश्य असं निदान फाइलला चिकटलं की ते त्या माणसाच्या मागे आयुष्यभर फिरतं. मेटफॉर्मिन पीसीओडीच्या मुलीलाही देतात. डापाग्लिफ्लोझिन हे तर सगळ्यात नवं कोडं. आधी ते मधुमेहाचं औषध होतं, आता हृदय कमजोर असलं किंवा किडनीचा आजार असला तरी देतात, साखर अगदी नॉर्मल असलेल्यांनाही. भारतात २०२० साली त्याचं पहिलं पेटंट संपलं, किंमत उतरली आणि ते तालुक्यापर्यंत पोचलं. फाइलमध्ये डापा आहे म्हणून मधुमेही ठरवलेला माणूस दर महिन्याला माझ्याकडे येतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सांध्यांसाठी, ल्युपससाठी (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) आणि आपल्याकडे मधुमेहासाठीही लिहिलं जातं. ते कशासाठी आहे ते विचारा आणि डोळ्यांची तपासणी कधी झाली तेही बघा.

मेथोट्रेक्सेट दिसलं की थांबा. सांधेदुखीसाठी किंवा सोरायसिससाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. पडद्यावर वारंवारतेच्या खान्यात 'ओडी' म्हणजे रोज एकदा हे आपोआप भरलेलं येतं आणि लिहिणारा पुढे जातो. रोज घेतलं गेलं तर तोंड सोलतं, पांढऱ्या पेशी तळाला जातात, माणूस दगावतो. माझ्या वॉर्डात एकदा तोंडभर फोड आलेल्या एक काकू दाखल झाल्या. फाइलमध्ये सगळं बरोबर होतं, औषध बरोबर, डोस बरोबर, फक्त ते एक अक्षर चुकलं होतं. त्या वाचल्या. तेव्हापासून मेथोट्रेक्सेट दिसलं की मी "कोणत्या वारी घेता?" असंच विचारतो. वार सांगता आला नाही तर पुढचं काही बोलण्याआधी गोळ्या मोजतो.

आता आपल्या देशातली सगळ्यात मोठी अडचण, एकत्र गोळ्या. परदेशातल्या पुस्तकांत औषधांचा मेळ घालायचं जे शिकवतात, ते एका औषधाला एक गोळी धरून. आपल्याकडे ग्लायकोमेट जीपी म्हणजे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. टेल्मा एएम म्हणजे टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन, टेल्मा एच म्हणजे टेल्मिसार्टन आणि लघवीचं औषध. इकोस्प्रिन गोल्डमध्ये ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अटोर्वास्टॅटिन असे तीन. संगणकात ब्रँडचं नाव असतं आणि डोळा ब्रँडवरून घसरतो. म्हणून कागदावर ब्रँड लिहूच नका, प्रत्येक गोळी फोडून आतली औषधं लिहा. २१ गोळ्यांची यादी फोडली की २७ औषधं निघतात, आणि त्यांत दोन-तीन दोनदा आलेली असतात.

एका सत्तरीच्या आजोबांची गोष्ट सांगतो. पाय सुजतात म्हणून आले होते. फाइलमध्ये ब्लडप्रेशर, हृदयविकाराचा संशय, गाऊट आणि किडनीचा आजार. औषधं अकरा. मी फोडून लिहिली. टेल्मिसार्टनसोबतच्या एकत्र गोळीत अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. खाली, तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेली अम्लोडिपिन ५ ची वेगळी गोळी, तीही चालू. म्हणजे रोज १०. अम्लोडिपिनने घोट्याला सूज येते, डोस वाढला की जास्त येते, आणि ती सूज अंगात पाणी साठल्याची नसते. पण सूज दिसली म्हणून कुणीतरी फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी, चालू केलं. त्याने सूज उतरली नाही, युरिक ॲसिड मात्र वाढलं. पायाचा अंगठा लाल होऊन ठणकला, म्हणजे गाऊट. त्यावर युरिक ॲसिडची गोळी आली आणि सोबत वेदनाशामक. वेदनाशामकाने ब्लडप्रेशर चढलं, किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन चढलं. मग ब्लडप्रेशरला आणखी एक गोळी आणि यादीत 'किडनीचा आजार' हे नवं नाव. प्रत्येक डॉक्टरने त्या दिवशी समोर दिसलं त्याला बरोबर उत्तर दिलं होतं. एकाच्याही हातून मूर्खपणा झालेला नव्हता. पण अकरा औषधांतली एक गोळी जादा होती आणि चार तिच्या पोटी जन्मली होती. दोन महिन्यांत, एकेक करून, ती पाचही काढली. एकदम काढली नाहीत, आणि तुम्हीही काढू नका.

हे पकडायचं असेल तर औषधं चालू झाल्याच्या तारखेने लावा. बहुतेक प्रणालींत यादी अकारविल्हे येते, ती काही कामाची नाही. तारखेने लावली की साखळी आपोआप दिसते, कोणत्या गोळीनंतर कोणती तक्रार आली आणि तिच्यामागून कोणती गोळी आली.

आता आजारांची यादी. रुग्णाच्या समस्यांची क्रमांकवार यादी ठेवून तिच्याभोवती सगळी नोंद बांधायची, ही कल्पना लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ साली मांडली. कल्पना उत्तम होती. पण ती यादी जिवंत ठेवणारा एक डॉक्टर गृहीत होता. आज तिच्यात दहा जण लिहितात आणि साफ कुणीच करत नाही. विम्याच्या मंजुरीसाठी टाकलेलं निदान, 'नाही ना ते बघू' म्हणून तपासणीच्या फॉर्मवर लिहिलेला संशय, खरंच असलेला आजार, सगळे एकाच टाइपात, एकाच आकारात उभे असतात. शिवाय शब्द टाइप करताना खाली उघडणाऱ्या यादीतला पहिला पर्याय दाबला जातो. आयसीडी-१० या आजारांच्या कोडच्या यादीत ई-१० म्हणजे टाइप १ मधुमेह आणि ई-११ म्हणजे टाइप २, शेजारी शेजारी. टाइप १ च्या पोराला टाइप २ लिहिलं आणि उलट्या होतात, जेवत नाही म्हणून कुणी इन्सुलिन थांबवलं, तर तो दोन दिवसांत केटोअॅसिडोसिसमध्ये जातो, म्हणजे रक्तात आम्ल साठून जीव धोक्यात येतो. त्यामुळे मधुमेह दिसला की कोणत्या वयात सुरू झाला आणि इन्सुलिन पहिल्यापासून आहे का, हे दोन प्रश्न विचारा. कोडवर विसंबू नका.

आजाराच्या प्रत्येक नावाला मी एकच विचारतो: तुझा पुरावा कुठे आहे? हार्ट फेल्युअर म्हणतोस तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दाखव. दमा म्हणतोस तर फुंकायची तपासणी दाखव. सीकेडी, म्हणजे किडनीचा जुनाट आजार, म्हणतोस तर तीन महिन्यांहून जास्त काळ ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) ६० च्या खाली दाखव, किंवा लघवीतून जाणारी प्रथिनं दाखव. मागे एका बाईंच्या फाइलला चार वर्षं सीकेडी चिकटलेलं होतं. त्यापायी मेटफॉर्मिन बंद, सीटी स्कॅनला नकार, घरात मिठावरून रोज भांडण. मी क्रिएटिनिनचा आलेख उघडला. जुलाब-उलट्यांनी दाखल झाल्या त्या दिवशी १.९. सलाइन लावल्यावर चौथ्या दिवशी ०.९. त्यानंतर चार वर्षं ०.८ ते १.० च्या मध्ये. दाखल झालेल्या रात्री ड्युटीवरच्या मुलाने त्याला दिसलं ते लिहिलं, आणि पुढची प्रत्येक नोंद कॉपी-पेस्टने तेच वाहत आली. लेक बाहेर बसली होती, तिला आत बोलावून सांगितलं. बाई बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे मला डायलिसिस लागणार नाही?" चार वर्षं ती ते मनात धरून होती, आणि आमच्यापैकी एकानेही तो आलेख उघडला नव्हता.

कॉपी-पेस्ट ओळखायची खूण सांगतो. तीन भेटींच्या नोंदींत शब्दन् शब्द तोच असेल, तर पहिली भेट खरी धरा, बाकीच्या दोन नाहीत असं समजा. 'केसीओ डीएम, एचटीएन, आयएचडी' (आधीपासून मधुमेह, ब्लडप्रेशर, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार) ही ओळ सगळीकडे सारखीच दिसते, तर ती पहिल्यांदा कुणी लिहिली तिथपर्यंत मागे जा. आयएचडी म्हणजे स्टेंट असेल तर तारीख शोधा, कारण गुठळी टाळणारं क्लोपिडोग्रेल किती दिवस हवं ते त्या तारखेवर ठरतं. तारीख सापडली नाही तर नातेवाइकाला विचारा. ज्या वर्षी स्टेंट टाकला ते वर्ष घरात कुणी विसरत नाही.

तपासण्यांबद्दल थोडक्यात. एकटा आकडा वाचू नका, मागचे पाच ओळीने बघा. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची साखर सांगतं, पण नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर तो आकडा विश्वासाचा नाही, आणि लोहाची कमतरता असेल तर तो उगाच जास्त येऊ शकतो. आपल्या बायकांत हे फार आहे, हिमोग्लोबिन शेजारी ठेवूनच तो वाचा. ज्यांची मुलं इंग्लंडमध्ये आहेत ते आजी-आजोबा सहा महिने तिथे राहून येतात, तेव्हा एकके बदललेली असतात. तिकडची साखर ८ म्हणजे आपली १४४, अठराने गुणायचं. एचबीए१सी ५३ पाहून घाबरू नका, ते आपलं ७ टक्के. क्रिएटिनिन ८८ म्हणजे आपलं १. तारखाही बघा, अमेरिकेत महिना आधी लिहितात.

फाइलमध्ये जे नाहीच, ते शोधायला सगळ्यात जास्त अनुभव लागतो. क्षयरोगाचे उपचार निक्षय या सरकारी पोर्टलवर असतात, तुमच्या रुग्णालयाच्या पडद्यावर नाहीत. क्षयाचं रिफाम्पिसिन चालू असेल तर असेनोकुमारॉल, गर्भनिरोधक गोळ्या, मधुमेहाच्या काही गोळ्या, थायरॉइडची गोळी, सगळ्यांचं बळ कमी होतं. उपचार चालू असताना साखर वाढते म्हणून डोस वाढवला जातो, आणि सहा महिन्यांनी रिफाम्पिसिन संपलं की त्याच डोसने साखर धाडकन उतरते. हे नोंदीत कुठेच दिसणार नाही, विचारावंच लागेल. एआरटी केंद्राची, म्हणजे एचआयव्हीची, औषधं बहुधा दिसत नाहीत आणि रुग्ण स्वतःहून सांगत नाही. ते विचारायचं तर नातेवाइकांना बाहेर पाठवून. फाइलमध्ये तसं काही दिसलं तरी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं नाही. एचआयव्हीबद्दलची गुप्तता २०१७ च्या कायद्याने बांधून दिलेली आहे, आणि कायदा नसता तरी ती पाळायला हवी. मानसोपचाराची औषधं, मुळव्याधीची पुडी, गुडघेदुखीवर गावातल्या डॉक्टरांची सुई, हेही नसतं. त्या सुईत स्टिरॉइड असू शकतं. चेहरा गोल झालेला, कातडी पातळ, साखर अचानक चढलेली असेल तर हात लावून बघा, फाइल शोधत बसू नका.

आता आयुष्मान भारत डिजिटल मिशन आलं आहे, २०२१ च्या सप्टेंबरात ते देशभर सुरू झालं. आभा या आरोग्य खात्याचा १४ अंकी क्रमांक आणि रुग्णाची संमती असेल तर दुसऱ्या रुग्णालयातल्या नोंदी तुम्हाला दिसू शकतात. मला याचं मनापासून कौतुक आहे. तालुक्यात असताना डिस्चार्ज कार्ड पुरात वाहून गेलेले लोक मी पाहिलेत. पण तिथूनही पुष्कळदा येतो तो कागदाचा फोटो. तो उघडून डोळ्यांनीच वाचावा लागतो, त्यातली औषधं आपोआप तुमच्या यादीत शिरत नाहीत.

आणि शेवटी पिशवी. फोनवर सांगा, "घरातल्या सगळ्या गोळ्या आणा, बंद केलेल्याही." प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी करा. मेडिकलवाल्याने पाच गोळ्या कापून दिलेल्या असतात, त्या तुकड्यावर नाव नसतं, नुसतीच शाई आणि 'जीपी' एवढी दोन अक्षरं. त्या तुकड्याची उरलेली पट्टी मागवून घ्या. स्ट्रिप चाचपून बघा. महिन्यापूर्वी लिहिलेली पंधराची स्ट्रिप अजून भरलेली असेल तर ब्लडप्रेशर गोळीने उतरत नाही असं नाही, गोळी पोटात गेलेलीच नाही. डोस वाढवायच्या आधी हे बघा. "का घेत नाही?" असं विचारू नका, माणूस खोटं बोलतो. "आठवड्यात किती वेळा राहते?" असं विचारा. एक आजी म्हणाल्या, लघवीची गोळी एसटीने जायचं असलं की घेत नाही. अगदी खरं, आणि उपायही सोपा, त्या दिवशी ती गोळी घरी परतल्यावर घ्यायची. रुग्णालयाचं स्वतःचं मेडिकल असेल तर त्याची बिलं उघडा. लिहिलेलं आणि विकत घेतलेलं यांतला फरक तिथे तारखांसकट दिसतो.

ॲलर्जीच्या खान्यात 'पेनिसिलिन' दिसलं तर काय झालं होतं ते विचारा. मळमळ ही ॲलर्जी नाही. श्वास अडकला, अंगभर गांधी उठल्या, तर आहे. अमेरिकेत दर शंभरातले दहा जण अशी ॲलर्जी सांगतात, आणि खरी ॲलर्जी एकूण लोकसंख्येत एक टक्क्याहूनही कमी जणांना असते. पण तुम्ही चौकशी केल्याशिवाय ते खोडू नका.

जे सापडलं ते परत लिहा, नाहीतर पुढच्या माणसाला हेच सगळं पुन्हा करावं लागेल. गोळी बंद केली तर कारण लिहा: "अम्लोडिपिन ५ ची वेगळी गोळी बंद, एकत्र गोळीत तेच आहे, पाय सुजत होते." इतकी एक ओळ पुरते. कारण नसेल तर पुढच्या भेटीत कुणीतरी ती चुकून राहिली असं समजून पुन्हा चालू करतो.

राहिला तुमचा दहा मिनिटांचा प्रश्न. २१ औषधं एका भेटीत होणार नाहीत, तसा प्रयत्नही करू नका. पहिल्या दिवशी फक्त जीव घेऊ शकतील अशी बघा: रक्त पातळ करणारी, इन्सुलिन आणि साखर उतरवणाऱ्या गोळ्या, मेथोट्रेक्सेट, हृदयाचं डिगॉक्सिन, फिट्सची औषधं. हे करायला पाच-सहा मिनिटं लागतात. दोनदा आलेली औषधं पुढच्या भेटीला, पिशवीसकट. आजारांची यादी तिसऱ्या भेटीला, लॅबचे आलेख उघडून. माझा अनुभव असा की चौथ्या भेटीपर्यंत त्या आजोबांची फाइल पडद्याच्या एका पानात मावते, आणि त्यांच्या सुनेलाही कोणती गोळी कशाची ते तोंडपाठ झालेलं असतं.